उसनं देणाऱ्या मगदूम बाई

मगदूम बाईंनी मला आयुष्यात काही दिलं नाही. ही तक्रार नव्हे. शिवाजी पेठेत कुणालाही विचारा, बाईंनी कुणालाच काही दिलेलं नाही. जे मिळालं ते उसनं मिळालं आणि मुकाट्यानं परत गेलं. पहिल्याच भेटीत मी त्यांच्याकडं सहीपुरतं पेन मागितलं. त्यांनी पर्समधून पेन काढलं, त्याचं टोपण काढून स्वतःच्या डाव्या मुठीत धरलं आणि बोडकं पेन माझ्या हातात ठेवलं. माझं लक्ष मुठीकडं गेलेलं पाहून म्हणाल्या, "टोपण माझ्याकडं राहू दे कांबळे. उघडं पेन घेऊन कोण लांब जात न्हाई."

बाई पेठेतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या. लग्न केलं नाही. आमच्याकडं वाचनालयात मोठा आवाज करायचा नाही असा नियम असतो. तिथं तो फक्त वर्गणीदारांना होता. बाईंचा आवाज समोरच्या तालमीत ऐकू जायचा. पुस्तक परत आणायला उशीर झाला की त्या निरोप वगैरे पाठवत नसत, स्वतः येत. भर चौकात, भाजी घेताना, दवाखान्यातल्या बाकड्यावर त्या माणसाला गाठत आणि पुस्तकाचं नाव घेऊन विचारत. पुस्तकाचं नाव जरा रंगेल असलं तर माणूस त्याच दिवशी पुस्तक आणून टाकी.

घरातही तोच कारभार. आपल्याकडं भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, पण ती ताटं, पातेली आणि तांब्यांपुरती. बाईंच्या उलथन्यावरसुद्धा 'श. आ. मगदूम' असं कोरलेलं होतं. शेजारी त्या हौसेनं आमटीचा डबा पाठवत. आमटी फार चांगली असे, पण खाणाऱ्याच्या घशाखाली ती सुखानं उतरत नसे. डबा रिकामा परत करू नये म्हणून शेजारीण बिचारी त्यात घालायला काहीतरी शोधत असे, तेवढ्यात बाई दारात. "आमटी संपली का? मग डबा दे. त्यात काय घालू नको, मला चालत न्हाई." असं सगळं खरं असूनही डबा मात्र दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा त्याच घरी जाई.

त्यांच्या एका वसुलीचा व्हिडिओ आहे. एका वर्गणीदाराकडं वाचनालयाचं जाडजूड पुस्तक अडकलं होतं आणि वर तो शहाणा त्यांना लग्नाची पत्रिका देऊन गेला. बाई गेल्या. आहेर घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेत रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या, स्टेजवर चढल्या, नवरा-नवरीच्या मधे फोटोला थांबल्या आणि कॅमेऱ्याकडं बघतच विचारलं, "पुस्तकाचं काय झालं?" मुंडावळ्यांच्या आतून नवरदेवाला घाम फुटलेला स्पष्ट दिसतो. नवरी वळून त्याच्याकडं बघते. आपण कुणाच्या घरात पडतोय हे त्या मुलीला बहुधा तेव्हाच कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला बसण्याआधी नवरदेव पुस्तक घेऊन वाचनालयात हजर होता.

अशी बाई निवृत्त झाली म्हणजे तिनं करायचं काय? मागायचं कुणाकडं? म्हणून त्या आमच्या संस्थेत आल्या.

आमच्या संस्थेचा एक उपक्रम आहे, 'बोट धरू'. ज्या मुलांना घरात विचारणारं फारसं कुणी नाही, अशा मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचं. त्यानं दर शनिवारी दोन तास त्या मुलाबरोबर घालवायचे. ही मोठी माणसं म्हणजे आमचे 'सोबती'. मी या जोड्या जुळवते, त्या तुटल्या की पुन्हा जुळवते आणि मधल्या वेळात चहा सांगते. जोडी एक वर्ष टिकते. वर्ष संपलं की मोठा सोहळा होतो, फ्लेक्स लागतो, सोबत्यांना फेटे बांधतात. आमच्या अध्यक्षांना फेट्याची फार आवड. कोल्हापुरात फेटा बांधायला निमित्त लागत नाही, डोकं असलं की पुरतं, आणि काही वेळा नुसता डोक्याचा आकार असला तरी भागतं. त्या सोहळ्यात प्रत्येक सोबती आपल्या मुलाला एक भेटवस्तू देतो, मुलाला जवळ घेतो, फोटो निघतो आणि पुढच्या शनिवारपासून त्या मुलाला नवं माणूस मिळतं. वर्षभरात मात्र मुलांना काही द्यायचं नाही असा कडक नियम. मुलं हावरी होतात म्हणे. भेट द्यायची ती शेवटी, निरोपाबरोबर. नियम अध्यक्षांनी केला होता आणि टाळ्या आम्ही सगळ्यांनी वाजवल्या होत्या.

आमचे सगळ्यात लाडके सोबती म्हणजे देसाई दादा. गोरे, हसरे, गिटार वाजवणारे. त्यांच्या वाट्याला कसबा बावड्याचा अथर्व आला होता. अथर्वच्या घरी पैशाची ओढाताण होती, पण शनिवारी त्याला सोडायला आई आणि बाप दोघं एका स्कूटरवर येत. तो आत जाईपर्यंत आई हात हलवायची, आत गेल्यावर खिडकीतून पुन्हा हलवायची. अथर्व कुणाच्याही मांडीवर बसे, कुणालाही आपला दात पडल्याची जागा दाखवी. देसाई दादांनी त्याला गिटार शिकवली, इंग्रजी कविता शिकवली, त्यानं सगळं घेतलं. दादांच्या कर्तबगारीचे गोडवे गाऊन आमचं तोंड दुखलं. माझं मत विचाराल तर त्या पोराला आम्ही विजेच्या खांबाशी जोडून दिलं असतं तरी वर्षाच्या शेवटी तो खांबाला आवडायला लागला असता.

आणि दुसरीकडं गडमुडशिंगीची तेजू होती. दहा-अकरा वर्षांची, काटक, ओठ घट्ट मिटलेले. वडील ट्रकवर, कधी दिसत, कधी नाही. आई दुसरं घर करून निघून गेली, दिवाळीला न्यायला येते म्हणाली होती, आली नाही. मग तेजू मामाकडं, मग मोठ्या काकाकडं, आणि शेवटी आत्याकडं. आमच्याकडं तिला आधी तीन सोबती होऊन गेले. एकीला बेंगळुरूला नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, तिसरीचं वर्ष भरलं. तिघींनी नियमाप्रमाणं शेवटी छान भेट दिली, जवळ घेतलं, फोटो काढला. तेजू आमच्या खोलीत दाराच्या अगदी लगत बसायची. दप्तर खांद्यावरून काढायचं नाही. कुणी काही विचारलं तर 'व्हय' किंवा 'न्हाय', बास. तिच्या नावापुढं संस्थेनं शेरा मारला होता, 'प्रतिसाद देत नाही.' बँकेनं एखादं खातं बुडीत म्हणून टाकून द्यावं तसा तो शेरा.

त्या वर्षी सोबत्यांना शिकवायला पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांनी फळ्यावर दोन मुलं काढली, एक हसरं, एक रुसलेलं. त्या म्हणाल्या, "ज्या मुलाला घरात एक तरी माणूस खात्रीचं असतं, त्याला बाहेरचं माणूसही खात्रीचं वाटतं. तुम्ही दिलेलं ते सहज घेतं. ज्याला घरात ती खात्री मिळालेली नाही, ते आधी तुम्हाला तपासतं. तुम्ही जाणार हे धरूनच चालतं." मला हे फार पटलं. मग त्यांनी आम्हाला डोळे मिटून शेजारच्याला मिठी मारायला लावली आणि पटलेलं निम्मं उतरलं. अध्यक्षांनी समारोपात या व्याख्यानाचं सार काढलं, "म्हणजे सुरुवातीलाच चांगली मुलं निवडली तर रिझल्ट चांगला येतो." त्यावरही टाळ्या झाल्या.

मगदूम बाई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून एकटक मॅडमकडं बघत होत्या. मॅडमना वाटलं, काय एकाग्र श्रोता आहे. खरी गोष्ट अशी की मॅडमनी सुरुवातीला बाईंचं पेन घेतलं होतं आणि टोपण बाईंच्या मुठीत होतं. व्याख्यान संपलं, मॅडम बोलत बोलत गाडीत जाऊन बसल्या आणि बाई साडीच्या निऱ्या सावरत गाडीमागं धावल्या. "ओ पावणं! पेन!" अख्खी गल्ली बाहेर आली.

अध्यक्षांनी तेजूची जोडी बाईंशी लावली. "दोन्ही अवघड केसेस एका जागी राहू देत," असं मला ते हळूच म्हणाले.

पहिल्या शनिवारी बाई पिशवीभर फाटकी पुस्तकं, दाभण, दोरा आणि खळीचा डबा घेऊन आल्या. तेजू दाराशी दप्तरासकट. बाई म्हणाल्या, "हे बघ पोरी. मी चारला येणार, सहाला जाणार. मला गाणी येत न्हाईत, गोष्टी सांगायला आवडत न्हाईत. तुला बोलायचं नसलं तर बोलू नको, मला काम हाय. हे पान जरा धर." तेजूनं पान धरलं. दोन तास दोघी पुस्तकं शिवत बसल्या. शेजारच्या खोलीत देसाई दादा आणि अथर्व टाळ्या वाजवून गाणं म्हणत होते. आमच्या या दोघी पंचनाम्याला बसल्यासारख्या गंभीर.

असे बरेच शनिवार गेले. मग एकदा सुटायच्या वेळेला पाऊस लागला. बाईंनी आपली छत्री तिला दिली. "उसनी हाय. पुढच्या शनिवारी परत पायजे." पुढच्या शनिवारी तेजू आली ती हात हलवत. छत्री नाही. विचारलं तर नुसती बघते. बाईंनी खोली डोक्यावर घेतली. आणि दुसऱ्या दिवशी रविवारी, ज्या दिवशी त्यांचं तेजूशी काही देणंघेणं नव्हतं, बाई एसटीनं गडमुडशिंगीला गेल्या, घर शोधून काढलं आणि दारात उभ्या राहून ओरडल्या, "माझी छत्री!" छत्रीची एक काडी मोडलेली होती, ती आधीपासूनच मोडलेली होती. तरी ती घेऊन परत आल्या.

त्यानंतर तेजू दर आठवड्याला काहीतरी विसरायला लागली. कधी दाभण तिच्या दप्तरात राही, कधी डबा, कधी बाईंचा चष्मा पुसायचा रुमाल. बाई दर वेळी चिडून मला सांगत, "कांबळे, ही पोरगी चोरटी हाय." आणि दर वेळी रविवारी मुडशिंगीची एसटी धरत. तिथं आत्या चहा टाकायची. बाई चहा पीत, वस्तू ताब्यात घेत, आणि जाताना तेजूला दम भरत. तिची आत्या पुढं मला म्हणाली, "रविवारी सकाळपास्नं दारात बसून ऱ्हाती बघा. इचारलं तर म्हणती, कुत्र्याला बघालोय."

मला यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण बाईंना तर काहीच कळत नव्हतं, याची मी खात्री देते. त्या मनापासून तिला चोरटी समजत होत्या.

हळूहळू दप्तर खांद्यावरून उतरलं. दाराजवळची जागा सुटून बाईंच्या शेजारची झाली. मग तेजू एकदा बाईंना म्हणाली, "तुमची खळ लय पातळ हाय." चौथीपासून आमच्याकडं येणाऱ्या मुलीचं हे पहिलं वाक्य. बाईंनी खळीचा डबा तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "मग तू कर घट्ट. शहाणी."

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग बाईंच्या हातून चूक झाली.

तेजूच्या शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. बाई बघायला गेल्या. तेजू पळाली, झिजलेल्या चपला काठावर काढून अनवाणीच पळाली आणि दुसरी आली. तिच्या टाचेतून रक्त येत होतं. बाई मैदानातून थेट दुकानात गेल्या आणि तिच्या मापाचे पांढरे पळायचे बूट घेतले. शनिवारी तिचा वाढदिवस होता. मी तेव्हा खोलीत होते. बाईंनी बुटांचा खोका तिच्या मांडीवर ठेवला आणि आयुष्यात कधी न वापरलेला आवाज काढून म्हणाल्या, "हे तुला. परत नको मला. तुझेच हायत, ठेव."

संस्थेचा नियम मोडला म्हणून मी काही बोलणार होते, पण बाईंचा चेहरा असा लाजरा आणि फुललेला झाला होता की मी गप्प बसले. तेजूनं खोक्याचं झाकण उघडलं नाही. बाईंकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. मग दप्तर खांद्याला लावलं, खोका काखेत धरला आणि चार वाजून थोडा वेळ झाला असतानाच निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आत्याला फोन केला तर म्हणाली, "येत न्हाई म्हणती. सपलं म्हणती." बाई खळीचा डबा उघडून चारला बसायच्या आणि सहाला डबा बंद करून जायच्या. रविवारी जावं तर मागायला काही नव्हतं. देऊन बसल्या होत्या ना! पन्नास वर्षं उसनं देऊन कधी नुकसान झालं नाही आणि एकदाच काय ते फुकट दिलं तर हा प्रकार, हे त्यांना काही केल्या उमगेना. त्या मला म्हणाल्या, "कांबळे, बूट लहान पडले असतील का?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांची दया आली.

शेवटी मी म्हटलं, चला, जाऊन बघू. आम्ही दोघी गडमुडशिंगीला गेलो. तेजू आतल्या खोलीत जाऊन बसली. आत्यानं आम्हाला बाजेवर बसवलं. समोरच्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक टेडी अस्वल, पिशवी न फोडलेली. शेजारी रंगीत कागदातला एक खोका, कागद न काढलेला. त्याच्या शेजारी डबीत घड्याळ. आणि सगळ्यात शेवटी बाईंच्या बुटांचा खोका, दुकानाची दोरी तशीच. पहिल्या तीन वस्तू मी ओळखल्या. त्यांचे फोटो मीच काढले होते.

आत्या म्हणाली, "एक बी उघडत न्हाई. हात लावू देत न्हाई कुणाला. म्या म्हटलं, बूट तरी घाल की गं. तर म्हणती, ज्ये जात्यात त्येच देत्यात."

मी बाईंकडं बघितलं. बाई त्या फळीकडं बघत होत्या. पुण्याच्या मॅडमनी जे दोन चेहरे काढून समजावलं होतं ते बाईंच्या कानावरून तेव्हा गेलं असेल-नसेल, पण आता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदरानं पुसलं आणि उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या आत जातील, पोरीला पोटाशी धरतील. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि वाचनालयातला तो आवाज काढला. "ए पोरी! भाईर ये! माझे बूट दे परत!"

शेजारच्या बायका दारात जमल्या. वाढदिवसाला दिलेली वस्तू परत मागायची, तीसुद्धा आईविना पोरीकडून! एक म्हातारी तर तोंडाला पदर लावून "काय बाई ही!" म्हणाली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेजू बाहेर आली. तिचा चेहरा संतापानं लाल झाला होता. "दिलेलं परत मागत्यात व्हय?"

"कुणी दिलेत? मी काय देत असते का कुणाला? विचार या कांबळेला! उसने हायत ते. शनिवारी चारला घालायचे, सहाला माझ्या ताब्यात. बाकीच्या दिवशी माझ्याकडं राहणार. दे!"

"तुम्हीच म्हटलासा, परत नको."

"चुकून म्हटलं. म्हातारी झालेय मी, चुकतं. आण आधी ते."

 तेजूनं फळीवरून खोका काढला आणि बाईंच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. बाईंनी दोरी सोडून दोन्ही बूट आहेत ना ते तपासलं, खोका पिशवीत घातला आणि चहा न पिताच निघाल्या.  एसटीत त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

शनिवारी मी कार्यालय उघडायला गेले तर तेजू पायरीवर बसलेली. चारला बाई आल्या. खोका पुढं ठेवला. तेजूनं बूट घातले, मागच्या बोळातून दोन चकरा पळून आली आणि पुस्तकं शिवायला बसली. सहाला बूट काढले, फडक्यानं पुसले, खोक्यात घातले आणि बाईंच्या हातात दिले. त्यानंतर दर शनिवारी असंच. दाभण, डबे तिच्या दप्तरात राहणंही पुन्हा सुरू झालं.

यावरून गहजब झाला. देणगीदार संस्था बघायला आले, आणि नेमकं त्यांच्यासमोर बाईंनी पोरीच्या पायातले बूट काढून पिशवीत घातले. एका देणगीदार बाईंनी कानातल्या हिऱ्यांना हात लावून "अरे देवा" केलं. अध्यक्षांनी बाईंना बोलावून समजावलं की हे दिसायला बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "मग बघू नका."

वर्ष संपलं. सोहळा आला. फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो सगळ्यात मोठा, त्याखाली देसाई दादा आणि अथर्व, आणि मुलांची नावं अगदी खाली, चष्मा लावून वाचावी लागतील एवढी बारीक. उत्कृष्ट सोबती देसाई दादा, उत्कृष्ट बालक अथर्व. अथर्वनं दादांकडून कॅरम घेतला, त्यांच्या गळ्यात पडला, त्यांना टाटा केला आणि उड्या मारत आईकडं गेला. त्याचं काहीच बिघडलं नाही. त्याचं बिघडणार नव्हतंच. मग बाईंचं नाव पुकारलं. बाईंनी फेटा बांधून घेतला, फेटा त्यांना आवडत असे. शेजारी तेजू उभी राहिली. मी पहिल्या रांगेतून बघत होते. तिनं दप्तर खांद्याला लावलेलं होतं. सोहळ्याला कुणी दप्तर आणत नाही. 

निवेदिका म्हणाली, "आता मगदूम बाई आपल्या लाडक्या तेजस्विनीला भेटवस्तू देऊन निरोप देतील." अध्यक्षांनी संस्थेनं आणलेला रंगीत खोका बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो अध्यक्षांना परत दिला.

"मी काय देणार न्हाई," बाई म्हणाल्या. माईकची गरज नव्हती. "उलट हिच्याकडं माझा एक दाभण, दोन डबे आणि रुमाल अडकलेत. ते वसूल झाल्याबिगर मी हिला सोडत न्हाई."

अध्यक्ष हसून हळूच म्हणाले, "बाई, नियम आहे. पुढच्या वर्षी तिला नवीन सोबती..."

"तुमच्या नव्या माणसाला माझे डबे ओळखू येणार हायत का?"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, कारण फोटो निघत होता. तेजू हसली नाही. तिनं दप्तर खांद्यावरून उतरवून पायाशी ठेवलं. मी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी मनापासून.

नियम बदलला नाही. तो आजही आहे. बाईंनी तो फक्त आपल्यापुरता जुमानला नाही. डबे कधीच वसूल झाले नाहीत. बूट लहान झाले तेव्हा बाईंनी एक नंबर मोठे घेतले, उसने. तेजूचं पुढं काय अफाट भलं झालं असं समजू नका. गणितात ती एकदा नापास झाली. भांडकुदळ आहे. आता अकरावीला आहे आणि अजून कुणी गोड बोललं की आधी दार कुठं आहे ते बघते. संस्थेच्या कागदांवर तिची प्रगती दाखवायला जागा सापडत नाही. पण बाईंना शनिवारी यायला उशीर झाला की ती त्यांच्यावर ओरडते. "कुठं गेलतासा? चार कवाच वाजलेत!" हे ओरडणं मला अथर्वच्या गिटारीपेक्षा जास्त आवडतं. जो येईल याची खात्री असते, त्याच्यावरच माणूस उशिराबद्दल चिडतो.

बाई आता थकल्यात. डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याला पुतण्या असतो, तो म्हणाला, ऑपरेशन इकडं करू, आणि मग इकडंच राहा, तिथं एकटं काय करायचंय. पेठेतल्या घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय त्यानं. मागच्या महिन्यात बाईंना बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. तेजू आधीच येऊन उभी होती. पुतण्या काय म्हणतो ते तिला कळलं होतं, मीच सांगितलं होतं. कुणी लांबच्या गाडीत बसताना बघितलं की या मुलीला काय होत असेल, या विचारानं माझाच जीव घाबरा झाला होता.

बाई खिडकीपाशी बसल्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, "कांबळे, पेन हाय का गं तुझ्याकडं? दवाखान्यात सह्या मागतात. माझं पेन घरीच राहिलं." मी पर्समध्ये हात घातला, पण त्याआधीच तेजूनं दप्तरातून आपलं निळं शाईचं पेन काढलं. टोपण काढून स्वतःच्या डाव्या मुठीत धरलं आणि उघडं पेन खिडकीतून आत दिलं.

बाई त्या पेनकडं बघत राहिल्या. "टोपण?"

"टोपण माझ्याकडं ऱ्हाऊ दे," तेजू म्हणाली. "उसनं हाय. परत पायजे."

"शाई लागंल की गं साडीला."

"मग लवकर या."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. निब साडीला लागू नये म्हणून बाईंनी पेन हातात उभं धरलं होतं, आणि गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत खिडकीत ते पेन तसंच दिसत होतं. तेजूनं हात हलवला नाही, तिची मूठ बंद होती. मला मात्र रडू आवरेना. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "रडताय कशाला? येत्यात की," आणि मुडशिंगीची गाडी लागली होती तिकडं चालू लागली.